बिनदाराचं घर

"पाच मिनिटांत उतरतो," असं सांगून नकाशेकाका माळ्यावर चढले आणि शब्दाला जागून पाच मिनिटांत उतरलेही. पण त्यांच्याबरोबर खाली जे उतरलं, त्याने पुढचे चार महिने घर डोक्यावर घेतलं. खरं तर ते चढले होते जुनी बादली शोधायला. बादली अजून सापडलेली नाही.

उतरलं ते एक राखाडी प्लॅस्टिकचं खोकं होतं. जाड वहीएवढं, वर टाइपरायटरसारखी बटणं, त्यातली नऊ गायब. ज्या काळात घरात कॉम्प्युटर आहे म्हटलं की लोक चपला काढून बघायला येत, त्या काळातला हा घरगुती कॉम्प्युटर. त्याला रबरबँडने बांधलेली एक कॅसेट होती, आणि कॅसेटवर छापल्यासारख्या अक्षरात एकच शब्द: ‘घर’. काकांनी तो शब्द वाचला आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवरच बसून राहिले.

आता नकाशेकाका हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं. काका तेहेतीस वर्षं बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. इमारतीतल्या पोरांनी त्यांना नकाशेकाका केलं, पोरांचं ऐकून आईबापांनी, आणि शेवटी पोस्टमननेही. एकट्या काकू त्यांना ‘अहो’ म्हणत. काकू टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्या दुधाचा हिशेबसुद्धा असा सांगत, की ऐकणाऱ्याने आपोआप आकडा परत म्हणावा.

लग्न नवं होतं, तेव्हा दोघं भाड्याच्या एका खोलीत राहत. त्या खोलीत काकांनी हा कॉम्प्युटर आणला आणि घराचा प्रोग्रॅम लिहिला. तीन रविवार काकू वहीतून ओळी वाचत होत्या आणि काका दोन बोटांनी टाइप करत होते. तिसऱ्या रविवारी टीव्हीच्या काळ्या पडद्यावर चार मिनिटांत रेघ रेघ करत एक घर उभं राहिलं. छप्पर आलं, दोन खिडक्या आल्या, खिडकीत पिवळा दिवा आला, शेजारी झाड आलं. काकूंनी ते डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण आत जायचं कुठून?"

दार राहिलं होतं. ड्राफ्ट्समन माणूस, आणि दार राहिलं होतं!

"पुढच्या रविवारी घालतो," काका म्हणाले. पुढच्या रविवारच्या आधी त्यांनी कॉम्प्युटरची पिन भलत्याच सॉकेटमध्ये घातली, आतून धूर आला, आणि विषय माळ्यावर गेला. म्हणजे कॉम्प्युटर माळ्यावर गेला, विषय खालीच राहिला. पस्तीस वर्षांत या घरात जेवढी भांडणं झाली, त्यातलं प्रत्येक तिथेच येऊन थांबलं. काकांचा चष्मा हरवो, नळ चालू राहो, की मुलीच्या शाळेची सही विसरो, काकू शांतपणे म्हणत, "दार विसरणारा माणूस तो!" काका तेहेतीस वर्षं लोकांच्या घरांना दारं काढून आले होते, ते कुणी मोजत नव्हतं.

चार महिन्यांनी, एका रविवारी, लग्नाला पस्तीस वर्षं पूर्ण होत होती. शिडीच्या पायरीवर बसल्या बसल्या काकांनी ठरवलं, की त्या दिवशी कॅसेटमधलं घर पडद्यावर आणायचं आणि त्याला दार घालायचं. लोकांची हजारभर घरं काढून स्वतः दोन खोल्यांत म्हातारे झाले होते ते. आपलं असं त्यांनी एकच घर बांधलं होतं, आणि आपली बायको अजून त्याच्या बाहेर उभी आहे हे त्यांना फार लागून राहिलं होतं. अर्थात हे त्यांनी काकूंना सांगितलं नाही. काकूंना वाटलं, रिकामपणाचे उद्योग.

काकूंचं सोडा, सगळ्या इमारतीलाच तसं वाटलं. "काका, याच्या लाखपट ताकद हल्ली मोबाइलमध्ये असते," हे वाक्य काकांना पहिल्या महिन्यात अकरा जणांनी ऐकवलं, आणि अकराही जणांनी ते आत्ताच सुचल्यासारखं ऐकवलं. बाराव्यांदा मुलीने फोनवर ऐकवलं आणि वर म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यापेक्षा चालायला का जात नाही?" काका म्हणाले, "जातो की. रेडिओवाल्याकडे." आणि ते खरंच होतं.

रेडिओवाल्याच्या दुकानात पुढे मोबाइलची कव्हरं लटकत आणि मागे तो स्वतः बसे, जुन्या रेडिओंच्या आतड्यांत. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर होतं: "होऊन जाईल." काकांचं खोकं उघडून त्याने आतला काळा पडलेला बोर्ड पाहिला आणि म्हणाला, "होऊन जाईल. फक्त बोर्ड दुसरा लागेल, पॉवरचा डबा दुसरा लागेल, आणि बटणं." काका म्हणाले, "मग माझं काय राहिलं?" रेडिओवाल्याने जरा विचार केला. "झाकण," तो म्हणाला.

तसाच बोर्ड मिळायची एकच जागा होती. गावातल्या जुन्या शाळेने त्या काळी असे कॉम्प्युटर घेतले होते आणि त्यातला एक भंगाराच्या खोलीत पडून होता. काका गेले, पाहिला, हात लावला, आणि तिथेच क्लार्कने त्यांना थांबवलं. वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या यादीत होती. ती मोडकी आहे हे साऱ्या शाळेला दिसत होतं, पण रजिस्टरला दिसत नव्हतं. त्यासाठी तज्ज्ञाचा दाखला लागणार होता.

"तज्ज्ञ कुठून आणू?" काका म्हणाले.

"तुम्ही बांधकाम खात्यात होतात ना?"

"होतो."

"मग झालं तर. लिहा."

आणि ज्या यंत्रावर सगळी भिस्त ठेवून काका आले होते, त्याच्याबद्दल त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून दिलं, की ‘सदर यंत्र पूर्णतः निरुपयोगी असून ते कोणत्याही उपायाने चालू होण्याची शक्यता नाही.’ खाली सही केली. अर्ज वर गेला आणि आठ दिवसांनी एका शेऱ्यानिशी परत आला: ‘निरुपयोगी असल्यास अर्जदारास कशासाठी हवे?’ काकांनी उत्तर लिहिलं, ‘आठवण म्हणून.’ त्यावर कुणाची आठवण, संबंध काय, पुरावा काय, अशी आणखी तीन हेलपाट्यांची सोय झाली. शेवटी हेडमास्तरीणबाईंना दया आली. यंत्र मिळालं, पण पावतीवर अट होती: ‘चालू झाल्यास शाळेस परत करावे.’

पॉवरचा डबा भंगारवाल्याकडे मिळाला. जुना टीव्ही तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाने दिला. त्यावर माशांची काचपेटी ठेवलेली होती आणि मासे हलवायला घरातलं कुणी तयार नव्हतं, म्हणून काकांनी ते स्वतः हलवले आणि कोपरापर्यंत भिजून टीव्ही वर आणला. नऊ गायब बटणांपैकी सहा शाळेच्या यंत्राची बसली. उरलेल्या तीनपैकी दोन जागी काकूंच्या शिवणाच्या डब्यातली बटणं चिकटवली. ‘एंटर’च्या जागी काकांच्या जुन्या ओव्हरकोटाचं मोठं तपकिरी बटण आलं. रेडिओवाल्याने सगळं जुळवलं, डाग दिले, फुंकर घातली आणि म्हणाला, "होऊन जाईल."

आणि झालं! एका दुपारी पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग मुंग्या गेल्या, आणि डाव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन लुकलुकायला लागला. मग काकांना पावतीवरची अट आठवली आणि त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

पण इमारतीत खिडकी लावून काही लपत नाही. दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे. सेक्रेटरी वयाने लहान, पण फाइल कायम काखेत, त्यामुळे मोठे वाटत.

"काका, यंत्र सुरू केलंत म्हणे. वायरिंगवर लोड येतो. ना-हरकत घ्यावी लागेल."

"अरे, बल्बएवढं पण खात नाही ते."

"तसं लिहून द्या. आणि लिहिताय तर या तीन नोटिसा पण लिहा ना. तुमचं अक्षर म्हणजे काय, बोर्डाची शोभा."

ही जुनी वहिवाट होती. सोसायटीच्या नोटिसा काकाच लिहीत. स्टुलावर ताठ बसून, पट्टी लावून, एकेक अक्षर घडवत लिहीत. मजकूर काय आहे तिकडे त्यांचं लक्ष नसे. मजकुरात लक्ष गेलं की अक्षर बिघडतं, असं त्यांचं ठाम मत होतं. मागे एकदा टाकी धुण्याची नोटीस त्यांनीच लिहिली होती, आणि पाणी गेलं तेव्हा साऱ्या इमारतीत अंगाला साबण लावून उभा असलेला एकटा माणूस म्हणजे नकाशेकाका. या खेपेच्या तीन नोटिसांत एक पार्किंगची होती, एक कबुतरांना दाणे टाकण्याबद्दल होती आणि एक लिफ्टची होती. लिफ्टमधला ‘फ्ट’ फार सुरेख उतरला.

राहिला कॅसेट वाजवायचा रेकॉर्डर. कारण या कॉम्प्युटरची एक खोड होती. वीज गेली की तो सगळं विसरे. त्याला काही आठवायचं तर दर वेळी कॅसेटवरून ऐकवावं लागे, आणि कॅसेटवर ते नुसतं किर्रर्र असं ऐकू येई. रेकॉर्डर रेडिओवाल्याने दिला, अगदी रविवारच्या आदल्या दिवशी. त्याच्या बटणांवरची चिन्हं झिजून गेली होती.

"हे वाजवायचं," रेडिओवाला म्हणाला. "एकटं दाबलं तर बसत नाही. शेजारचं बटण जरा धरा, म्हणजे बसतं."

शेजारचं कुठलं, हे त्याने सांगितलं नाही, आणि काकांनी विचारलं नाही. बटणाला डावीकडे एक शेजारी होता, उजवीकडे एक.

रविवार उजाडला. सकाळी अकरा वाजता काकूंना स्वयंपाकघरात गुंतवून काकांनी बाहेरच्या खोलीत कॅसेट घातली, देवाचं नाव घेतलं, आणि वाजवायचं बटण उजवीकडच्या शेजाऱ्यासकट दाबलं. छान बसलं. कॅसेट फिरायला लागली. काका पडद्याकडे डोळे लावून बसले. एक मिनिट झालं, दोन झाली, सात झाली. पडद्यावर तोच छोटा चौकोन लुकलुकत होता. किर्रर्र काही ऐकू येईना. आवाज कमी असेल म्हणून काकांनी कॅसेट मागे नेली, रेकॉर्डरची वायर काढली, आणि आता डावीकडच्या शेजाऱ्याला धरून पुन्हा वाजवली.

रेकॉर्डरमधून काकूंचा आवाज आला: "अहो, चहा निवतोय!"

मग काकांचा: "श्श! बोलू नकोस. घर येतंय."

मग दाराची बेल, पेपरवाला, काकूंचं "सुट्टे नाहीत", आणि काकांचं खोकणं. उजवीकडचा शेजारी रेकॉर्डिंगचा निघाला होता, आणि पस्तीस वर्षं जपून ठेवलेल्या घरावर आज सकाळची सात मिनिटं स्वच्छ रेकॉर्ड झाली होती. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकचा एक छोटा दात असतो. तो मोडून टाकला की तिच्यावर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. त्या काळी काका प्रत्येक कॅसेटचा दात मोडत. हिचा तेवढा मोडला नव्हता, कारण हिच्यात दार घालायचं राहिलं होतं.

काकू हात पुसत बाहेर आल्या तेव्हा काका कॅसेट मांडीवर घेऊन बसले होते.

"काय झालं? शॉक लागला का?"

"गेलं," काका म्हणाले. "आपलं घर गेलं. आज तुला दार घालून दाखवणार होतो. चार महिने त्यासाठीच चाललं होतं सगळं. मीच पुसलं."

एवढी संधी समोर असून काकूंनी टोमणा मारला नाही, म्हणून काकांना जास्तच कसंतरी झालं. त्या आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला, आणि त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती.

काकांनी ती ओळखली. तुम्ही-आम्ही जिला रद्दी म्हणून घालवतो, ती प्रोग्रॅमच्या ओळींची वही.

"ही तुझ्याकडे आहे?"

"मग कुणाकडे असणार? लिहून मीच घेतली होती ना. तुमच्या पेन्सिलीच्या सुट्या चिठ्ठ्या तुम्हाला तरी सापडत होत्या का वेळेवर?"

"आणि चार महिने बोलली नाहीस!"

"तुम्ही विचारलंत का? मला वाटलं, तुम्हाला ते खोकंच दुरुस्त करायचंय." काकूंनी चष्मा चढवला, खुर्ची ओढली, पाठ सरळ केली. "बसा नीट. ओळ दहा."

साडेअकरा वाजले होते. दोनशेच्या वर ओळी होत्या, दहा-दहाच्या अंतराने नंबर दिलेल्या. काकू एक्सचेंजच्या आवाजात एकेक आकडा सुटा सुटा सांगत, काका परत म्हणत, मग टाइप करत. ‘परत म्हणा’ ही काकूंची नोकरीतली शिस्त, ती त्यांनी नवऱ्यालाही माफ केली नाही. मधे दोन पानं चिकटलेली निघाली आणि चाळीस ओळी राहून गेल्या. काका हबकले. "घाबरू नका," काकू म्हणाल्या, "कुठलीही ओळ कधीही घाला, यंत्र नंबराप्रमाणे लावून घेतं. तुम्हीच सांगितलं होतंत." काकांना ते आठवतही नव्हतं. जेवण राहिलं. मुलीचा फोन आला तेव्हा काकूंनी "लाइन बिझी आहे" एवढंच सांगून ठेवून दिला. काकांची पाठ भरून आली, बोटं दुखायला लागली, ओव्हरकोटाचं बटण दोनदा निघालं आणि दोनदा चिकटवलं.

पावणेचार वाजता काकांनी शेवटची ओळ टाइप केली आणि हात झटकले.

"ओळ दोन हजार एकशे पन्नास," काकू म्हणाल्या.

"नाही गं. माझं घर एकवीसशे चाळीसला संपतं."

"तुमचं संपतं. लिहा."

काकांनी वाकून वहीत पाहिलं. सगळी वही निळ्या शाईत होती. शेवटच्या पानावर आठ ओळी लाल पेन्सिलीत होत्या, एक्सचेंजमध्ये असायची तसल्या लाल पेन्सिलीत.

"हे काय आहे?"

"दार."

"कुणी लिहिलं?"

"मीच. दुपारच्या पाळीला फोन कमी असायचे. तीन रविवार तुमच्या खिडक्या वाचत होते, त्यावरून जमलं. खिडकीच खालपर्यंत ओढायची, दुसरं काय?"

"अगं, मग तेव्हाच सांगायचं ना!"

काकूंनी वहीच्या पानावरून बोट फिरवलं. "तुम्ही म्हणाला होतात, पुढच्या रविवारी घालतो. मी म्हटलं, घालतील."

पस्तीस वर्षांचे टोमणे काकांनी मुकाट्याने गिळले होते, पण हे त्यांना गिळता येईना. त्यांनी डोळे पुसले, काकूंनी पाहिल्यासारखं दाखवलं नाही, आणि दोघांनी आठ ओळी घातल्या. काका प्रत्येक ओळ नीट परत म्हणाले. मग त्यांनी तपकिरी बटणावर बोट ठेवलं आणि काकूंकडे पाहिलं.

आणि वीज गेली.

पडदा आक्रसून एक ठिपका झाला, आणि ठिपकाही गेला. पंखा थांबत थांबत थांबला. खालून जिन्यातून सेक्रेटरींचा आवाज आला, "घाबरू नका, लिफ्टचं टेस्टिंग आहे! चार ते सव्वाचार!"

काका जिन्यात धावले. "अरे, आधी सांगायची काही पद्धत?"

"नोटीस लावली होती की, काका!"

"कधी? कुठे?"

"बोर्डावर. तुमच्याच अक्षरात!"

काका परत आले आणि खुर्चीत बसले. आता टोमणा येणार, असं धरून बसले. दार विसरला, नळ विसरला, चष्मा विसरला, आणि आता स्वतः लिहिलेली नोटीस. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या आत गेल्या, सकाळी निवलेला चहा दोन कपांत ओतून आणला आणि एक त्यांच्यापुढे ठेवला. दोघांनी तो तसाच गार प्यायला.

सव्वाचारची वीज साडेचारला आली. पडद्यावर मुंग्या आल्या, गेल्या, आणि कोपऱ्यात छोटा चौकोन लुकलुकायला लागला, कोरा, काही झालंच नाही अशा थाटात. काकूंनी चष्मा चढवला, पाठ सरळ केली आणि पानं उलटत उलटत वहीच्या पहिल्या पानावर आल्या.

"ओळ दहा," त्या म्हणाल्या.

"थांब," काका म्हणाले. "ते नंतर. या खेपेला आधी दार."

काकूंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग वही पालथी करून शेवटचं पान काढलं आणि लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

"ओळ दोन हजार एकशे पन्नास. परत म्हणा."